प्रोटोटाइप कुणाच्या खोक्यात सापडतात?

प्रश्न : मी जुने व्हिडिओ गेम जमवतो. दुकानात विकली गेलेली कार्ट्रिज, म्हणजे गेमच्या मशीनमध्ये खोचायच्या डब्या, आता बऱ्यापैकी जमली आहेत. पण प्रोटोटाइप, म्हणजे गेम तयार होत असताना कंपनीत बनवलेल्या कच्च्या प्रती, कधी नजरेलाही पडत नाहीत. लिलावाच्या साइटवर रोज शोधतो. बाकीच्या संग्राहकांना त्या मिळतात तरी कुठून?

लिलावांवर जरूर लक्ष ठेवा, पण प्रोटोटाइप तिथे येतो तो शेवटच्या मुक्कामाला. त्याआधी पंधरा-वीस-तीस वर्षं तो कुणाच्या तरी घरात पडून असतो, आणि आपल्याला गाठायचं असतं ते घर. म्हणून मी नव्या संग्राहकाला आधी एक यादी करायला सांगतो. तुम्हाला हवा असलेला गेम बनत असताना त्याची प्रत कुणाकुणाच्या हातातून गेली असेल?

1990 च्या आसपासचा कार्ट्रिजवरचा एखादा गेम घ्या. प्रोग्रामर त्यातल्या त्यात नीट चालणारी आवृत्ती ईप्रॉम या डेटा साठवणाऱ्या चिपवर बर्न करायचा, म्हणजे उतरवायचा, ती चिप सॉकेटच्या बोर्डवर बसवायचा आणि प्रत तयार. अशा प्रती अनेक निघत. एक टेस्टिंग विभागाला, एक प्रकाशकाला, एक कन्सोल (गेमचं मशीन) बनवणाऱ्या कंपनीकडे मंजुरीसाठी, काही मासिकांच्या परीक्षकांना, एखादी जाहिरात विभागाला पाकिटावरचे फोटो काढायला, एखादी प्रदर्शनातल्या स्टॉलवर. ईप्रॉम पुसून पुन्हा वापरता येते, त्यामुळे काम झालं की चिपा परत मागवल्या जात. परत गेल्या त्या पुसल्या गेल्या. आज सापडतात त्या परत न गेलेल्या. तेव्हा कुठल्या हातातून प्रत परत गेली नसेल, एवढंच शोधायचं.

मासिकांची वाट मला सगळ्यात भरवशाची वाटते. परीक्षकाला प्रत छपाईच्या बरीच आधी लागे, अंक निघाल्यावर तिची आठवण कुणाला राहत नसे, आणि नोकरी सुटली की टेबलाचा खण सरळ खोक्यात रिकामा होई. पेन आणि टेलर या जादूगार जोडीचा 'स्मोक अँड मिरर्स' हा सेगा कंपनीच्या सेगा सीडी या मशीनवरचा गेम 1995 मध्ये तयार होता, पण प्रकाशकाचंच दुकान बंद झालं आणि गेम बाजारात आला नाही. परीक्षणासाठी दिलेली एक प्रत मात्र राहून गेली. दहा वर्षांनी, 2005 मध्ये, ती न निघालेल्या गेमचा माग काढणाऱ्या फ्रँक सिफाल्डी यांच्या हाती आली. वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर तासन् तास बस हाकायचा 'डेझर्ट बस' हा त्याच गेमचा एक भाग. त्याच्यावर 2007 पासून दरवर्षी लोक देणग्या गोळा करतात. ती प्रत कुणी साफसफाईत टाकून दिली असती तर यातलं काहीच झालं नसतं.

टीव्हीवाल्यांकडेही प्रती जात. 1992 मध्ये निकलोडियन वाहिनीवर 'निक आर्केड' नावाचा मुलांचा कार्यक्रम लागायचा. त्यात एका ठिकाणी दुकानात यायच्या आधीचा 'सॉनिक 2' हा गेम दिसतो. चाहत्यांनी ते चित्रण थांबवून थांबवून पाहिलं, कुठली झाडं वेगळी आहेत, कुठला आवाज वेगळा आहे याच्या याद्या केल्या. तशी कच्ची आवृत्ती अखेर 2006 मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. म्हणून जुने कार्यक्रम, जुन्या जाहिराती, मासिकांतले फोटो बारकाईने पाहा. अंतिम गेममध्ये नसलेलं काही त्यात दिसलं, तर ते दाखवणारी प्रत कुणाच्या तरी हातात होती हे पक्कं.

याच 'सॉनिक 2' ची त्यानंतरची एक कच्ची आवृत्ती त्याआधीच, 1999 मध्ये, एका चिनी साइटवर सापडली होती. तिच्या चोरट्या कॉप्या कार्ट्रिजवर विकल्याही गेल्या होत्या. ही वाट फार जणांच्या लक्षात येत नाही. चोरट्या कॉप्या काढणाऱ्यांना गेम लवकरात लवकर हवा असे, अंतिम आवृत्तीपर्यंत थांबायची त्यांना गरज नव्हती. तेव्हा चोरटी कार्ट्रिज हातात आली तर कचरा म्हणून बाजूला सारू नका. आतला डेटा एकदा वाचून अंतिम आवृत्तीशी ताडून बघा.

कंपनी बुडाली की तिचं सामान ठोक भावात लिलावात निघतं, आणि तिथे काय निघेल सांगता येत नाही. निन्टेंडो आणि सोनी यांनी मिळून सीडी ड्राइव्ह असलेला सुपर निन्टेंडो हा कन्सोल बनवायचा बेत केला होता. 1991 मध्ये तो फिसकटला. त्या बेतातलं एक मशीन 2009 मध्ये ॲडव्हान्टा या अमेरिकन क्रेडिट कार्ड कंपनीच्या दिवाळखोरीच्या लिलावात इतर सामानाबरोबर 75 डॉलरला गेलं. घेणाऱ्याला आपण काय घेतलंय याची कल्पना नव्हती. 2015 मध्ये ते जगासमोर आलं आणि मार्च 2020 मध्ये हेरिटेज या लिलाव संस्थेत 3,60,000 डॉलरला विकलं गेलं. आता क्रेडिट कार्डच्या कंपनीत हे मशीन आलं कसं? सोनीच्या गेम विभागाचे पहिले प्रमुख ओलाफ ओलाफसन पुढे ॲडव्हान्टामध्ये गेले होते. वस्तू माणसाच्या मागे गेली. माणसाची नंतरची नोकरी, नंतरचा व्यवसाय, नंतरचा पत्ता हे सगळं म्हणूनच शोधाचा भाग आहे.

माणसं शोधायची कशी? गेमच्या शेवटी येणारी नावं उतरवून घ्या. जपानी गेममध्ये तिथे बऱ्याचदा टोपणनावं असतात, कारण खरी नावं द्यायला कंपन्यांची मनाई असे. अशा वेळी माहितीपुस्तिका आणि मोबीगेम्ससारखी श्रेयनामावलीची सूची उपयोगी पडते. प्रोग्रामरच्या मागे सगळेच लागतात. मी टेस्टर, ग्राहक सेवेतली माणसं, भाषांतर करणारे आणि जाहिरात विभागातले लोक यांना आधी लिहितो. त्यांना आजवर कुणी काही विचारलेलं नसतं.

पत्रात पहिल्याच ओळीत 'प्रोटोटाइप आहे का, किती घ्याल?' असं कधीही लिहू नका. ज्यांनी आयुष्याची काही वर्षं त्या गेमला दिली, त्यांच्याशी आधी कामाबद्दल बोला. तिसऱ्या टप्प्यातला तो पूल नंतर का काढला? टेस्टिंगला नवी आवृत्ती किती दिवसांनी यायची? चिपा कोण बर्न करायचं? आणि बॅकअप कशावर घ्यायचात? हा शेवटचा प्रश्न मी कधीच गाळत नाही. एका निवृत्त टेस्टरबाईंनी मला आधी सरळ सांगितलं होतं की, त्यांच्याकडे काहीही नाही. बॅकअपचा विषय निघाल्यावर त्यांना बुटांचं एक खोकं आठवलं. त्यात दोषांच्या यादीचे छापील कागद होते आणि काळ्या फोमच्या तुकड्यात पाय रोवून बसलेल्या चार चिपा, प्रत्येकीवर बॉलपेनने लिहिलेली तारीख. त्यांच्या लेखी ते ऑफिसातलं उरलंसुरलं सामान होतं.

बॅकअपमधून तर कधी कधी अख्खा गेम परत मिळतो. प्रोग्रामर ख्रिस ओबर्थ 2012 मध्ये वारले. निन्टेंडोच्या एनईएस या कन्सोलसाठी त्यांनी केलेला 'डेज ऑफ थंडर' कधी बाजारात आला नव्हता. त्यांच्या मागे राहिलेल्या फ्लॉपींमध्ये त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, होता. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने 2020 मध्ये तो जुळवून पुन्हा चालता केला. कार्ट्रिज हाती नसतानाही गेम सापडू शकतो, तो असा.

कधी नुसतं जाहीरपणे विचारणंही पुरतं. मॅक्सिस कंपनीने 1992 मध्ये शेव्हरॉन या तेल कंपनीसाठी 'सिमरिफायनरी' नावाचा तेलशुद्धीकरणाचा गेम केला होता. तो नाहीसाच झाला असं धरून सगळे चालले होते. 2020 मध्ये त्याच्या इतिहासावर एक सविस्तर लेख आला, आणि तो वाचणाऱ्या एका वाचकामार्फत एका निवृत्त रसायन अभियंत्याकडची फ्लॉपी पुढे आली. तिथे गेम कंपनीतलं कुणीच नव्हतं. ज्याच्यासाठी बनवला त्या कारखान्यातल्या माणसाने तो जपला होता.

आर्केड मशीनचं, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनचं, गणित थोडं वेगळं. तिथे नवा गेम आधी एखाद्या आर्केडमध्ये चाचणीसाठी ठेवत आणि कमाई झाली नाही तर काढून घेत. अटारीचा 1982 चा 'अक्का अर' असाच मागे घेतला गेला, त्याची अगदी मोजकी मशीन उरली आहेत. तुम्ही कार्ट्रिजवाले आहात म्हणून यात खोल जात नाही.

प्रश्न : एका विक्रेत्याकडे सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवरच्या एका प्रसिद्ध गेमचा प्रोटोटाइप आहे. बोर्ड हिरवा, चिपांवर हाताने लिहिलेली लेबलं. फोटो पाठवले आहेत. खरा आहे हे कसं ओळखू?

फोटोवरून मी कुणालाही 'घ्या' म्हणत नाही, 'घेऊ नका' एवढं मात्र कधी कधी म्हणता येतं. तुमच्या बाबतीत ते म्हणता येईल इतपत पुरावा एका फोटोत आहे. डावीकडच्या चिपचं लेबल एका कोपऱ्यात सुटलंय आणि खालचा छापा दिसतोय. चिपांवर बहुधा चार आकडी तारीख असते. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. 9231 म्हणजे 1992 चा 31 वा आठवडा. तुमच्या फोटोत 9640 आहे. गेम दुकानात आला 1993 मध्ये. 1996 साली बनलेल्या चिपवर 1993 च्या गेमची कच्ची प्रत कशी असेल?

उलट मात्र समजू नका. तारीख जुळली म्हणून प्रत खरी ठरत नाही. जुन्या कोऱ्या चिपा आजही मिळतात आणि त्यावर काहीही बर्न करता येतं. लेबल, हस्ताक्षर, 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का, सगळं नव्याने बनवता येतं. खोटं करायला सगळ्यात अवघड असतो तो आतला डेटा. तिथेच बघायचं.

त्यासाठी चिपा वाचाव्या लागतात. मेगा ड्राइव्हच्या अशा बोर्डवर पुष्कळदा दोन चिपांमध्ये गेम विभागलेला असतो. एकीत सम क्रमांकाचे बाइट, दुसरीत विषम. नुसती एक चिप वाचून पाहिलीत तर मजकुराची एक आड एक अक्षरं दिसतील आणि वाटेल की डेटा खराब आहे. दोन्ही फाइली एकात एक गुंफल्या की शब्द जुळून येतात. मग ती फाइल दुकानात आलेल्या आवृत्तीशी बाइटगणिक ताडायची. शंभर टक्के जुळली, तर तुमच्यासमोर अंतिम गेमच आहे, फक्त ईप्रॉमवर. तो कंपनीतला असेलही, पण प्रोटोटाइपची रक्कम त्यासाठी मोजू नका. फरक निघाले तर ते कुठे आहेत ते बघा. नुसत्या शीर्षकाच्या पडद्यावर किंवा तारखेच्या ओळीत बदल असेल तर मी सावध होतो, कारण तेवढं कुणीही घरी बसून करू शकतो. खऱ्या कच्च्या प्रतीत फरक सगळीकडे पसरलेले असतात. शत्रूंच्या जागा वेगळ्या, अर्धवट राहिलेलं संगीत, अजून न छाटलेली चित्रं, दोष शोधण्यासाठी ठेवलेला एखादा मेनू.

विक्रेत्याला विचारायचा प्रश्न एकच : ही प्रत तुमच्याकडे कुणाकडून आली? नाव जाहीर करायची गरज नाही, पण 'अमक्या कंपनीतल्या टेस्टरकडून, त्याच खोक्यात हे आणि हे होतं' एवढं तरी सांगता आलं पाहिजे. डेटा वाचू द्यायला नकार आणि उगमाबद्दल मौन, ही दोन्ही एकत्र आली की मी बोलणं तिथेच थांबवतो.

प्रश्न : माझे मामा नव्वदच्या दशकात एका गेम कंपनीत टेस्टर होते. ते गेल्यानंतर मामींनी त्यांचं एक खोकं मला दिलं. त्यात काचेची बारीक खिडकी असलेल्या चिपा आहेत, काहींवरचं स्टिकर निघून गेलंय. हाताने नाव लिहिलेल्या सीडी आहेत आणि बरेच कागद. कन्सोलवर लावून पाहू का? की विकून टाकू?

आज दोन गोष्टी करा. खिडकी उघडी असलेल्या प्रत्येक चिपवर प्रकाश आरपार न जाणारी चिकटपट्टी लावा, आणि खोकं अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा. कन्सोलला काहीही लावू नका.

कारण सांगतो. ईप्रॉममध्ये डेटा म्हणजे अगदी सूक्ष्म कप्प्यांत अडकवून ठेवलेला विद्युतभार. अतिनील किरण त्या खिडकीतून आत गेले की तो निसटतो. चिप पुसायची पद्धतच ती आहे. चिप बनवणाऱ्या कंपन्यांच्या जुन्या माहितीपत्रकांत लिहिलेलं असे की, थेट उन्हात साधारण आठवडाभरात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात सुमारे तीन वर्षांत डेटा जाऊ शकतो. स्टिकर शाबूत असलं तरी हा भार वर्षानुवर्षं हळूहळू गळतच असतो. तुमच्या मामांच्या चिपा तीस वर्षांच्या आहेत. त्यांच्याकडे वेळ कमी आहे.

चिपा वाचायला ईप्रॉम प्रोग्रामर लागतो, आणि तो वापरायची सवय असलेला माणूस. प्रत्येक चिप किमान दोनदा वाचून घ्या आणि दोन्ही फाइली ताडा. वेगळ्या आल्या तर चिप अशक्त झाली आहे. घाबरून जाऊ नका. गळतीमुळे शून्याच्या जागी एक वाचला जातो, आणि पुरवठ्याचा व्होल्टेज किंचित कमी करून वाचलं तर हरवलेले बिट पुष्कळदा परत मिळतात. वाचताना चिप सॉकेटमधून उपटायची घाई करू नका. पाय जुने असतात, तुटतात. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं उचलत काढायची. कुठली चिप कुठल्या सॉकेटमध्ये होती याचा फोटो आधी काढून ठेवा.

सीडीवर नवं लेबल चिकटवू नका, आणि पेनाने लिहूही नका. त्यांची पूर्ण प्रतिमा काढून घ्या, फक्त आतल्या फाइली कॉपी करून भागत नाही. प्लेस्टेशनच्या कच्च्या आवृत्त्या लिहिता येणाऱ्या सीडीवरच असत आणि त्या कंपन्यांना दिलेल्या खास डिबग मशीनवर चालत, त्यामुळे साध्या कन्सोलवर सीडी चालली नाही म्हणून ती खराब आहे असं समजू नका. सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या जीडी-आर डिस्क असतील तर त्या आधी वाचून घ्या, त्या लवकर कुजतात. पण साध्या संगणकाच्या ड्राइव्हने त्या वाचल्या जाणार नाहीत, त्यासाठी जाणकारच लागेल.

आणि कागद! कृपा करून कागद फेकू नका. कुठल्या तारखेच्या आवृत्तीत कुठला दोष होता हे त्यात लिहिलेलं असतं. चिपवर नुसतं '14 ऑगस्ट' असेल तर ती कुठल्या टप्प्याची हे त्या यादीवरून कळतं. मला तर चिप आणि तिची दोषांची यादी एकत्र मिळणं यापरता आनंद नाही.

विकायचं की नाही हे डेटा सुरक्षित झाल्यावर ठरवा. सगळं एकत्र द्यायची इच्छा झाली तर अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन आहे, रॉचेस्टरला स्ट्राँग म्युझियम आहे. तुमच्या मामांचं नाव त्यांच्या कामासोबत लागेल अशी अट घाला. टेस्टरांची नावं फार कमी ठिकाणी नोंदली गेली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे एक न निघालेला गेम आहे. ओळखीचे संग्राहक म्हणतात, डेटा जाहीर केलास तर किंमत मातीमोल होईल. तुमचं मत?

जाहीर करा. मी हे कळकळीने सांगतो, कारण एकाच चिपवर असलेला गेम माझ्या डोळ्यांदेखत कोरा निघालेला आहे. मालकाने तो वर्षानुवर्षं कपाटात कुलूपबंद ठेवला होता, कुणालाही वाचू दिला नव्हता. आम्ही वाचला तेव्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत एफएफ, एफएफ, एफएफ. पुसलेली चिप अशीच दिसते. तो गेम कसा होता हे आता कुणालाही कळणार नाही.

जाहीर केल्याने काय होतं तेही बघा. 'मदर' या जपानी गेमचं इंग्रजी भाषांतर निन्टेंडोने 1990 मध्ये पुरं केलं, पण बाजारात आणलं नाही. 1998 मध्ये चाहत्यांनी त्याचा प्रोटोटाइप मिळवून त्याचा रॉम, म्हणजे आतला डेटा, खुला केला. लोक तो खेळले, त्याच्यावर लिहीत राहिले, आणि 2015 मध्ये निन्टेंडोनेच तो 'अर्थबाउंड बिगिनिंग्ज' या नावाने वी यू या आपल्या कन्सोलवर आणला. निन्टेंडोच्याच 'स्टार फॉक्स 2' या गेमच्या कच्च्या आवृत्त्या अशाच वर्षानुवर्षं फिरत होत्या. 2017 मध्ये एसएनईएस क्लासिक या निन्टेंडोच्या छोट्या कन्सोलमध्ये पूर्ण गेम अधिकृतपणे आला. प्रोटोटाइप जपणाऱ्या हिडन पॅलेस या मंडळींनी मार्च 2021 मध्ये प्लेस्टेशन 2 चे 700 हून अधिक प्रोटोटाइप एकदम खुले केले. ते त्यांच्याकडे आले ते एका संग्राहकाने वाचू दिले म्हणून.

किंमतीबद्दल : ज्याला मूळ बोर्ड आणि मूळ लेबल हवं आहे त्याला फाइल पुरत नाही. किंमत काहीशी उतरते हे खरं. ती भरून निघावी म्हणून काही ठिकाणी चाहते वर्गणी काढून प्रत विकत घेतात आणि मग डेटा खुला करतात. तसा मार्ग तुम्हीही काढू शकता.

एक लक्षात ठेवा. चिप तुमची असली तरी गेमचा हक्क कंपनीचाच राहतो. कॉप्या काढून विकू नका. आणि प्रत कंपनीतून चोरून बाहेर आलेली आहे असा संशय असेल, तर ती घेण्याआधीच वकिलाला विचारा.